बावीस इंचांची दोरी

पुरुषोत्तमकाकांना एक मासा मिळवून द्यायचा होता. एकच. तेवढ्यासाठी फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघे उजाडायच्या आत मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून निघालो आणि साडेतीन तास उत्तरेला, जिथे रस्त्यावरचा बर्फ बाजूला करायलाही कोणी फिरकत नाही, अशा जंगलाच्या तोंडाशी जाऊन पोचलो.

मासा दुकानात मिळतो, हे आम्हालाही माहीत होतं. प्रसाददादा दर शनिवारी सॅमनचे गुलाबी तुकडे आणतच असे. भानगड वेगळी होती. काका म्हणजे प्रसाददादाचे वडील. देवगडच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात त्यांनी जन्मभर पोस्टात नोकरी केली ती पोटासाठी. जीव सगळा होडीत, जाळ्यात आणि गळात. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि प्रसाददादाने ध्यास घेतला, की बाबांनी आता कायमचं इथेच राहायचं. काका नोव्हेंबरात आले आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. तीन महिन्यांत त्यांनी समोरच्या छपरावरचा बर्फ आणि साखळीला धरून नेलेली कुत्री, एवढीच अमेरिका पाहिली. ग्रीन कार्डाचे कागद भरून टेबलावर तयार होते. सही तेवढी राहिली होती.

"ज्या गावात मला माझ्या हातानं मासा धरता येत नाही, त्या गावात मी राहायचा नाही," काका एकदा ताटातल्या सॅमनकडे बघत म्हणाले.

"आणि धरता आला तर?" प्रसाददादाने विचारलं.

काकांनी घास गिळला. "तर सही करीन."

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. जवळच्या तळ्यांवर दोनदा जाऊन आम्ही हात हलवत परत आलो होतो. काकांचं परतीचं विमान गुरुवारी होतं. म्हणजे हा रविवार शेवटचा.

मी प्रसाददादा आणि त्याची बायको गिरिजावहिनी यांच्या तळघरातल्या खोलीत भाड्याने राहते. मूळची नागपूरची. सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करते, म्हणजे दिवसभर लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे यंत्रात घालून फोडते. तडा गेल्याचा आवाज आला, की माझं काम झालं. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभं राहून तो आवाज ऐकण्याची मला मुळीच हौस नव्हती. शिवाय मी मासा खातही नाही. तरी गेले. कारण मी लॅबमधून परतायच्या वेळी काका रोज गॅसवर चहा टाकून वाट बघत बसलेले असत, आणि माझ्या सख्ख्या बापाने माझ्यासाठी कधी चहा केल्याचं मला आठवत नाही.

मोहिमेचा म्होरक्या होता कबीर. मिशिगनमध्येच जन्मलेला, फिजिओथेरपिस्ट. काकांचे गुडघे त्याच्याच हाती होते. लहानपणी शेजारच्या आजोबांनी त्याला बर्फावरची मासेमारी शिकवली होती आणि ती त्याच्या अंगात भिनली होती. "काका, नॉर्दर्न पाइक," तो म्हणायचा. "मोठा, लांब, खूप दात. थंडीत पण हंग्री असतो. तुम्हाला आवडेल."

"दात आमच्याकडच्या माशांनाही असतात," काका म्हणायचे.

गाडी एका फाटकापाशी थांबली. पुढे गुडघाभर बर्फ. तळं अजून दोन मैल आत होतं आणि फोनवरची सिग्नलची शेवटची काडीही गेली होती. आम्ही प्लास्टिकच्या लांबट घसरगाडीवर सामान बांधलं: तंबू, गॅसचा हीटर, बर्फाला भोक पाडायचं हातानं फिरवायचं गिरमिट, एक लोखंडी पहार, गिरिजावहिनीने दिलेला खिचडीचा मोठा थर्मास आणि आमिषाच्या जिवंत माशांची बादली. बर्फात रुतू नये म्हणून पायांना रुंद जाळीचे बूट बांधले. काकांनी कमरेला नायलॉनची दोरी गुंडाळली.

"बाबा, दोरी कशाला?" प्रसाददादा म्हणाला. "कबीरने सगळं आणलंय."

"पाण्यावर दोरीशिवाय जायचं नाही."

"पाणी कुठे आहे? बर्फ आहे."

"खाली काय आहे?" काकांनी विचारलं आणि चालू लागले.

त्या जंगलातून चालणं म्हणजे कापसाच्या गोदामातून चालणं. सीडरच्या फांद्या बर्फाने वाकून थेट वाटेवर आलेल्या. एखादीला खांदा लागला की पोतंभर भुगा मानेतून आत. कुठे सशाच्या पावलांची नक्षी, कुठे हरणांनी बसून दाबलेले खळगे. काका अधूनमधून थांबून सगळं बघत होते. खिडकीशी बसणारा माणूस हा नव्हेच. एका उतारावर घसरगाडीने आमचं ऐकायचं सोडलं. प्रसाददादा तिच्या पुढे, कबीर मागे, आणि मी ओरडायला. गाडी प्रसाददादाच्या पोटऱ्यांवर आदळली, उलटली आणि आमिषाची बादली कलंडली! तडफडणारे मासे बर्फात भराभर कडक होत गेले. आम्ही चौघे चार पायांवर येऊन ते वेचत होतो. तीन डझनांतले अकरा वाचले.

"अकरा पुरे," काका म्हणाले. "एकच तर धरायचाय."

मग झाडं संपली आणि समोर तळं उघडं पडलं. मैलभर लांब, पांढरं, निपचित. पलीकडच्या काठावर स्प्रूसच्या झाडांची काळपट रांग, वर शिशाच्या रंगाचं आभाळ. माणसाचा एक ठसा नाही. आम्ही काठावर उभे असतानाच तळ्याच्या पोटातून एक लांबलचक हुंकार निघाला आणि या टोकाकडून त्या टोकाला धावत गेला. माझी बोबडी वळली.

"गुड साउंड आहे," कबीर खुशीत म्हणाला. "लेक इज मेकिंग आइस. सायलेंट असेल तर मी जास्त घाबरतो."

काकांनी पिशवीतून नारळ काढला.

"काका, लेकमध्ये काही टाकायला अलाउड नाही," कबीर घाईने म्हणाला.

"टाकत नाही. पाणी त्याला, खोबरं आपल्याला." काकांनी बूट काढायची तयारी चालवली होती, ती प्रसाददादाने हाणून पाडली. मग त्यांनी तसाच नमस्कार केला आणि हात उंच करून नारळ बर्फावर आपटला. खाडकन आवाज झाला. नारळाची दोन शकलं झाली. बर्फाला साधं खरचटलंही नाही. मी वाकून पाहिलं. माझ्या शिक्षणाला तो पुरावा पुरेसा वाटला. "मस्त चाचणी झाली," मी म्हणाले आणि त्या क्षणापासून बर्फाला भ्यायचं सोडून दिलं. माझी चूक तिथे झाली. ठोकळा एका जागी फोडून सबंध इमारतीबद्दल बोलू नये, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

कबीर मात्र नारळावर विसंबणारा नव्हता. तो पहार घेऊन पुढे, दर दोन पावलांना एक घाव घालत. मधोमध त्याने भोक पाडून पट्टी आत सोडली. अकरा इंच. ट्रकही उभा राहिला असता. मग त्याने प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे अडकवले. "पडलात तर हे बर्फात मारायचे आणि बाहेर यायचं. हाताने ग्रिप येत नाही." शेवटी तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्याजवळ जाऊन त्याने एक उंच काठी रोवली आणि तिला नारिंगी फीत बांधली. तिथे जंगलातून एक ओहोळ येऊन तळ्याला मिळत होता. वरून सगळं सारखंच पांढरं. "या काठीच्या पलीकडे नो. कोणीच नो. काका, तुम्हीसुद्धा."

"बरं," काका म्हणाले. पण ते ओहोळाकडेच बघत होते.

भोकं पाडली. प्रत्येक भोकावर एक आडवी फळी, फळीखाली दोऱ्याचं रीळ, वर स्प्रिंगने दाबलेलं नारिंगी निशाण. खाली माशाने आमिष ओढलं, की निशाण ताडकन उभं राहणार. पाइकच्या दातांनी साधा दोरा तुटतो म्हणून गळाला वीतभर पोलादी तार. पाच फळ्या अलीकडे, तीन ओहोळाच्या त्या खाडीसारख्या आत वळलेल्या कोपऱ्याच्या पार पलीकडच्या काठाशी. मग तंबू ठोकला, हीटर पेटवला आणि वाट बघायला लागलो.

वाट बघायला आम्ही चौघेही हुशार. खोबरं खाल्लं. चहा प्यायलो. नाकातले केस गोठतात हा शोध मी सर्वांना सांगितला. अकराच्या सुमारास पहिलं निशाण उडालं! आम्ही धडपडत धावलो, प्रसाददादा दोनदा आपटला. वाऱ्याने उडालं होतं. अर्ध्या तासाने दुसरं. गळ रिकामा, आमिष साफ. तिसऱ्याला काकांच्या हातात दोरा आला, क्षणभर जड झाला आणि हलका पडला. त्यांनी तो गुंडाळून ठेवला. बादलीत आमिषाचे तीन मासे उरले.

एक वाजता वारा फिरला. उत्तरेच्या झाडांमागून एक पांढरा पडदा सरकत आला आणि पलीकडचा काठ दिसेनासा झाला. बर्फ आडवा पडायला लागला.

"तास-दीड तासात निघायला हवं," कबीर म्हणाला. "प्रसाददादा, चल, आपण पलीकडच्या तीन फळ्या काढून आणू. काका, वल्लरी, तुम्ही टेंटमध्ये थांबा."

प्रसाददादाने उठताना गळ्यातले टोचे काढून खुर्चीवर टाकले. "सारखे हनुवटीला टोचतात," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. गुरुवार त्याला आत्ताच दिसायला लागला होता.

ते गेले. काकांनी रिकामा गळ बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, "पोरी, मासा इथं नाही."

"मग कुठे आहे?"

"वाहतं पाणी जिथं येऊन मिळतं तिथं. खाणं तिथं वाहून येतं. माझा बाप सांगायचा, त्याचा बाप सांगायचा. समुद्र असो, खाडी असो, तळं असो, मासा काही वेगळं शिकत नाही."

"कबीर नको म्हणालाय."

"काठीच्या पलीकडे नको म्हणालाय. काठीपर्यंत जायला कुठे मनाई केलीय?"

वकिली मुद्दा बिनतोड होता. मी गिरमिट उचललं. काठीच्या बरोबर अलीकडे, एक पाऊलही पुढे न टाकता, मी भोक पाडायला घेतलं. सकाळी एका भोकाला माझे दोन्ही दंड भरून आले होते. इथे वीस-पंचवीस फेऱ्यांत गिरमिट आरपार! सराव झाला की कसं जमतं, असं मला वाटलं. त्या विचाराची आठवण झाली की आजही कानशिलं तापतात. सराव कसला, बर्फ निम्म्याने पातळ होता.

काकांनी फळी वगैरे घेतली नाही. हातमोजा काढला, सुटं रीळ शेजारी ठेवून दोरा बोटावर घेतला, आमिष सोडलं आणि उकिडवे बसले. पाच मिनिटं गेली असतील. त्यांचं बोट हललं. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "आला."

दोरा एकदम सरसरला. काकांनी त्याला जाऊ दिलं, जाऊ दिलं, आणि मग मनगटाला असा झटका दिला की मी बघतच राहिले. हा माणूस सकाळी जिने उतरताना कठडा धरतो! दोरा ताणला. भोकाच्या कडेवर करकरला. काका ओढत, सोडत, पुन्हा ओढत होते; तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, शिव्या की श्लोक ते कळलं नाही. भोकातलं पाणी वर उसळलं आणि त्यात एक तोंड दिसलं. बदकाच्या चोचीसारखं चपटं, हिरवट, आणि डोळा थेट आमच्याकडे.

"मासो गावलो!" काका मालवणीत ओरडले. "प्रसाऽऽद! गावलो रे, गावलो!"

वाऱ्यातूनही ती हाक पलीकडे पोचली. पडदा जरा विरळ झाला होता. मी पाहिलं, प्रसाददादाने हातातली फळी टाकली आणि तो धावत सुटला. हात वर करून, शाळेतून सुटलेल्या पोरासारखा, "बाबा! बाबा!" करत. मागून कबीर काहीतरी ओरडत होता. आमच्यात आणि त्याच्यात तो वळलेला कोपरा होता. जाताना कबीरने त्याला वळसा घालून नेलं होतं. प्रसाददादा सरळ येत होता. सरळ रेषेत ओहोळाचं तोंड होतं.

"दादा, थांब!" मी किंचाळले.

आवाज फारसा झाला नाही. माझ्या लॅबमध्ये याहून मोठा होतो. प्रसाददादा धावत होता, आणि मग कमरेपर्यंत होता, आणि मग नुसतं डोकं आणि दोन हात.

काकांच्या हाताशी माशाचं तोंड होतं. अजून एक ओढ, आणि मासा बर्फावर. त्यांनी दोरा सोडून दिला. विचार केला नाही, खाली पाहिलंही नाही. रीळ भिरभिरत भोकाशी गेलं, उडी मारून आत पडलं. ते कमरेची दोरी सोडत होते.

"पुढे जाऊ नका!" कबीर वळशाने धावत येत ओरडत होता. "झोपा! सगळे पोटावर झोपा! प्रसाददादा, श्वास घे! आधी श्वास! पाय मार!"

प्रसाददादाचे हात बर्फाच्या कडेवर आपटत होते आणि घसरत होते. टोचे तंबूतल्या खुर्चीवर होते. दर वेळी तो छाती वर चढवायचा आणि कड मोडून पुन्हा आत.

काका गुडघ्यांवर बसले. दोरीच्या टोकाला फास होता, तो त्यांनी घरूनच करून आणलेला. चाळीस वर्षं खाडीत जाळं फेकलेला हात मागे गेला, कंबर वळली, आणि दोरी वाऱ्याचा अंदाज घेऊन उलगडत गेली. फास प्रसाददादाच्या मनगटांवर पडला. एका फेकीत!

"काखेत घाल, बाळा. डोक्यातून खाली घे. घाई नको." काकांचा आवाज इतका शांत होता की मीही शांत झाले.

त्याने बाहेरच्या हातांनी कसाबसा फास काखेत घेतला. कबीर पोहोचला होता. मी हातांनी ओढायला लागले, तर मोज्यांतून दोरी सरकली.

"हातानं नाही, पोरी. हात दमतात. मागे चला, जाड बर्फावर. दोरी कमरेला टाका. आता पावलानं ओढायचं. रापण ओढतात तशी."

मी समुद्रकाठची रापण उभ्या जन्मात पाहिली नव्हती, कबीरने तर शब्दही ऐकला नसेल. पण काकांनी लहानपणी सगळ्या गावाबरोबर ते भलंमोठं जाळं किनाऱ्यावर ओढलं होतं, आणि आता ते आम्हाला ओढायला लावत होते. तिघांच्या कमरेला एकच दोरी. पाठ मागे रेललेली. "एक पाऊल. थांब. धरून ठेव. एक पाऊल. थांब." कड मोडली. पुन्हा मोडली. "एक पाऊल." तिसऱ्यांदा मोडली नाही. प्रसाददादाची छाती वर आली. पोट. "पाय मार, दादा!" मग गुडघे. मग तो सबंध बाहेर, ओल्या गोणपाटासारखा, आमच्याकडे सरपटत येत होता.

"उभा नको राहू! रोल कर!" कबीर ओरडला. तो गडगडत आला, आणि काका त्याच्यावर अक्षरशः आडवे पडले. दोघांच्या भुवया बर्फाने पांढऱ्या झालेल्या. मी रडत होते आणि अश्रू गोठत होते, तो शोध मी कोणाला सांगितला नाही.

तंबूत कबीरने तीन मिनिटांत त्याचे सगळे कपडे उतरवले. लाज बाळगायला कोणाला वेळ नव्हता. माझी जांभळी फुलाफुलांची जादा पँट, कबीरचा स्वेटर, काकांची माकडटोपी आणि वर दोन शाली, असा अवतार करून प्रसाददादा हीटरसमोर थरथरत बसला. दात इतके वाजत होते की खिचडीचा चमचा त्यांच्यावर ताशा वाजवत होता. तोंडाला रंग आला तेव्हा तो पहिलं वाक्य बोलला, "केवढा होता?"

काकांनी त्याच्या खांद्यावरची शाल घट्ट केली. ते कबीरकडे वळले. "माझी चूक झाली. मासा कुठे असतो तेवढं मला कळलं. बर्फ कळला नाही."

"काका, मासा तिथे असतो हे मला पण माहीत होतं," कबीर म्हणाला. "सगळ्यांना माहीत असतं. कोणी जात नाही, म्हणून तर ते तिथे एवढे मोठे होतात."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून. प्रसाददादा हसला, त्याच्या तोंडातली खिचडी उडाली. मीही हसले, पण आधी मी कबीरला गिरमिटाचं सगळं सांगून टाकलं. तो गिरमिटाचं पातं पुसत राहिला. "नेक्स्ट टाइम," शेवटी म्हणाला, "लवकर भोक पडलं तर सेलिब्रेट नको करू. पळ."

निघायचं ठरलं. बर्फ पडायचा थांबला होता आणि आभाळाच्या कडेला पिवळी पट्टी उघडली होती. काका तंबूचे खुंटे काढत होते. मी जवळच्या फळ्या गोळा करायला निघाले, तोच अगदी पहिल्या भोकावरचं, अकरा इंच जाडीच्या बर्फावरचं, दिवसभर मेल्यासारखं पडलेलं निशाण ताडकन उभं राहिलं.

कोणी हललं नाही.

"वारा असेल," काका म्हणाले.

"वारा पडलाय," कबीर म्हणाला.

"राहू दे. याला आधी गाडीत न्यायचंय."

"बाबा," तंबूच्या दारातून माकडटोपी बोलली, "मी एवढा पोहून आलोय तो काय पँट बदलायला? जा."

काका गेले. या वेळी धावले नाहीत, आम्हीही धावलो नाही. शालीत गुंडाळलेल्या प्रसाददादासकट चौघे एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर, शाळेच्या कवायतीसारखे. रीळ फिरत होतं. काकांनी दोरा उचलला, वाट पाहिली, झटका दिला. भांडण छोटं झालं, पण झालं. आणि मग भोकातून तो वर आला! हिरवा, अंगभर पिवळट ठिपके, शेपटी आपटत, दात विचकत. काकांनी त्याला मानेमागे धरून दोन्ही हातांत घेतलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, या चेहऱ्यासाठी आपण दर रविवारी गोठायला तयार आहोत.

प्रसाददादा टक लावून माशाकडे बघत होता. त्याला टेबलावरचे कागद दिसत असणार.

कबीरने मोजपट्टी लावली. पुन्हा लावली. मग शेपटी चिमटीत धरून तिसऱ्यांदा. "बावीस," तो अपराध्यासारखा म्हणाला. "काका, चोवीसच्या खाली ठेवता येत नाही. कायदा आहे. आय ॲम सो सॉरी."

"दोन इंचांनी काय होतंय," मी म्हणाले. "इथे कोण बघतंय?"

"हा बघतोय की," काका माशाकडे मान करत म्हणाले. "लहान पोर आहे. सोडायचं." त्यांनी कमरेच्या दोरीचं टोक माशाच्या तोंडाशी धरलं, शेपटीपाशी गाठ मारली. मग भोकाशी वाकून त्याला पाण्यात उभं धरलं. मासा श्वास घेत राहिला. एकदा शेपटी हलली, काकांच्या तोंडावर पाणी उडालं, आणि तो गेला.

परतीच्या दोन मैलांत आम्ही प्रसाददादाला घसरगाडीवर बसवून ओढलं; रापणीसारखंच, कमरेनं. तो वरून सूचना देत होता. गाडीत हीटर पूर्ण सोडून, काचा धुरकटवत आम्ही दक्षिणेला निघालो. फाटक बरंच मागे पडलं. मग प्रसाददादाने समोर बघत विचारलं, "बाबा, मासा तर मिळाला. मग... सही?"

"गुरुवारी मी जातो," काका म्हणाले. "होडी पालथी पडलीय. पावसाआधी तिला डांबर लावायला हवं. तुझ्या आईच्या अबोलीला कोण पाणी घालतंय देव जाणे."

प्रसाददादाने मान हलवली.

"आज तू पाण्यात होतास तेव्हा मला कळलं, तू मला तीन महिने का धरून बसलायस," काका पुढे म्हणाले. "पण मला असं बांधून ठेवू नकोस रे. मी आपणहून येईन. तो मासा पुढच्या हिवाळ्यात दोन इंच वाढलेला असेल. मला बघायचाय. डिसेंबरात येतो. मार्चला जातो. दर वर्षी, गुडघे आहेत तोवर."

"गुडघे माझ्याकडे," मागच्या सीटवरून कबीर म्हणाला.

प्रसाददादा हसला आणि त्याच वेळी त्याने माकडटोपीने डोळे पुसले.

घरी गिरिजावहिनीने दार उघडलं आणि नवऱ्याची जांभळी फुलाफुलांची पँट पाहून विचारायचं ते विसरली. काकांनी दोरीचा गाठीपर्यंतचा तुकडा कापला आणि दारामागे, कोट अडकवायच्या खुंटीवर टांगला. ती दोरी अजून तिथे आहे. उन्हाळ्यात वहिनी झाडलोट करताना ती कचऱ्यात टाकायला निघाली, तर एरवी घरात वरचा आवाज न काढणारा प्रसाददादा चक्क ओरडला.

काल ॲन आर्बरला या वर्षीचा पहिला बर्फ पडला. प्रसाददादाने काकांना तिकीट पाठवलं आणि फोन लावला. मी चहा घेत शेजारीच बसले होते. तिकडे खाडीवरचा वारा फोनमध्ये शिरत होता. तारीख, विमान, सामान, काकांनी काही म्हणता काही विचारलं नाही.

"दोरी आहे ना जागेवर?" एवढंच म्हणाले.